गळ्यातली माळ

पातळी 5 : वाचन आणि चर्चा

वाचण्यापूर्वी

वहीत दोन-दोन ओळींत उत्तरं लिहा. चुकलं तरी चालेल.

1. तुमच्या घरी रोज किंवा दर आठवड्याला पाळली जाणारी एक गोष्ट कोणती? (दिवा, प्रार्थना, उपास, एखादा पदार्थ न खाणं, काहीही.)
2. ती गोष्ट तुमच्या शाळेतल्या किंवा कॉलेजातल्या मित्रांना माहीत आहे का?
3. माहीत नसेल, तर का नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाठ वाचून झाल्यावर पुन्हा एकदा बघा.

1. एका मुलीचा प्रश्न

मित्रमैत्रिणींनो, गेल्या महिन्यात रविवारच्या वर्गात एका मुलीनं मला विचारलं, "दादा, मी ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार. डॉर्ममध्ये रूममेट असेल. आमच्या घरी रोज संध्याकाळी दिवा लावतात आणि मी संकष्टीला उपास करते. हे तिला सांगू की नको? ती हसली तर?"

डॉर्ममध्ये आगीच्या भीतीनं निरांजन काय, साधी मेणबत्तीही लावू देत नाहीत. त्यामुळे दिव्याचा प्रश्न बॅटरीच्या दिव्यावर सुटला. पण "ती हसली तर?" याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. "पुढच्या वेळी सांगतो," म्हणालो आणि घरी आल्यावर हा पाठ लिहायला बसलो. कारण हाच प्रश्न मलाही पडला होता. मी तेव्हा पुण्यात इंजिनीअरिंगला होतो, आणि तो प्रश्न मी फार वाईट पद्धतीनं सोडवला होता.

2. माळ म्हणजे काय?

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावचा. आमचं घर वारकऱ्यांचं. वारकरी म्हणजे पंढरपूरच्या विठ्ठलाचे भक्त. आषाढ महिन्यातल्या एकादशीला ते पायी चालत पंढरपूरला जातात. या चालत जाण्याला वारी म्हणतात. आळंदीहून संत ज्ञानेश्वरांची पालखी निघते आणि देहूहून संत तुकारामांची. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. वाटेतले मुक्काम धरून जवळजवळ तीन आठवडे लागतात.

वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीच्या मण्यांची माळ असते. ती सहसा दागिन्यासारखी घालत-काढत नाहीत. एकदा घातली की तिच्याबरोबर काही नियम येतात. मांस खायचं नाही, दारू प्यायची नाही, एकादशीला उपास करायचा, रोज हरिपाठ म्हणायचा, जमेल तशी वारी करायची. आणि खोटं बोलायचं नाही. अशा माणसाला 'माळकरी' म्हणतात.

माझ्या गळ्यात बाराव्या वर्षी माळ आली. आजीच्या गळ्यात होती, मला तिच्यासारखं व्हायचं होतं, म्हणून मी हट्ट केला. आजी म्हणाली, "घालशील, पण पाळशील का?" मी "हो" म्हणालो. बाराव्या वर्षी माणूस कशालाही "हो" म्हणतो.

गावात माळेचं कुणाला काही वाटत नसे. अर्ध्या वर्गाच्या गळ्यात ती होतीच.

3. तिघांची खोली

मग मी पुण्याला आलो. दहावीपर्यंत माझं सगळं शिक्षण मराठीतून झालं होतं. बारावीला इंग्रजी पुस्तकं कशीबशी वाचली. कॉलेजात पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना इंग्रजीत ओळख करून द्यायला सांगितली. माझ्या पोटात गोळा आला. दोन वाक्यं बोललो, त्यातलं एक अडखळलं. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी गोल गळ्याचे दोन टी-शर्ट विकत आणले. माळ आत लपावी म्हणून. भाषा लपवता येत नव्हती, माळ तरी लपवू, असं वाटलं.

हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो आहे. तुम्हाला मराठी अडखळत बोलताना लाज वाटते ना? मला इंग्रजीची वाटायची. लाज सगळीकडे सारखीच असते.

सेकंड इयरला हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही तिघं होतो. हॉस्टेलात नावापेक्षा गावानं हाक मारायची पद्धत असते. त्यामुळे मी 'सातारा', दुसरा 'नांदेड' आणि तिसरा 'कोल्हापूर'.

नांदेड मुसलमान होता. शुक्रवारी दुपारी डोक्यावर टोपी घालून नमाजाला जायचा आणि तीच टोपी खिशात कोंबून प्रॅक्टिकलला यायचा. त्यानं कधी काही लपवलेलं मी बघितलं नाही. कोल्हापूर देव मानत नसे. त्याचे वडील शिक्षक होते आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते. घरी देवघरच नव्हतं, पुस्तकांचं कपाट होतं.

पहिल्याच आठवड्यात आंघोळीहून येताना माझी माळ दोघांना दिसली.

"अरे, तू माळकरी?" कोल्हापूरनं विचारलं. "मग आत कशाला घालतोस?"

"सवय आहे," मी म्हणालो. हेही खोटंच होतं.

कोल्हापूर रात्री मला प्रश्न विचारायचा. पांडुरंग आहे कशावरून? तो सगळ्यांचा असेल, तर पूर्वी काही लोकांना देवळाबाहेर का उभं केलं? संत चोखामेळांची समाधी देवळाच्या आत का नाही, नामदेव पायरीजवळ बाहेर का? मी चिडायचो, कारण मला उत्तरं येत नव्हती. चोखामेळांबद्दल मी घरी कुणाला कधी विचारलंच नव्हतं. चिडून का होईना, मी वाचायला लागलो. साने गुरुजींनी 1947 साली पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं होतं, हे मला कोल्हापूरच्या प्रश्नामुळे कळलं. आमच्या घरात तीन पिढ्या वारी होती, आणि ही गोष्ट मला एका देव न मानणाऱ्या मुलानं शिकवली.

4. एकादशी आणि रोजा

आता थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे.

मराठी महिना चंद्रावर चालतो. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत शुद्ध पक्ष आणि पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत वद्य पक्ष. प्रत्येक पक्षाचा अकरावा दिवस म्हणजे एकादशी. म्हणून महिन्यात दोन आणि वर्षात चोवीस एकादशा येतात. मुसलमानांचा महिनाही चंद्रावरच चालतो. म्हणजे रमजानच्या प्रत्येक महिन्यात एकादशीही येणारच!

मग रमजान कधी उन्हाळ्यात, कधी हिवाळ्यात येतो आणि आषाढी एकादशी मात्र नेहमी पावसाळ्यातच, असं का? बारा चांद्रमासांचं वर्ष सुमारे 354 दिवसांचं असतं, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे 11 दिवस लहान. मुसलमान कालगणनेत हा फरक भरून काढत नाहीत, त्यामुळे रमजान दर वर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो. मराठी पंचांगात दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक 'अधिक महिना' घालून हिशोब जुळवतात. त्या वर्षी एकादशाही दोन जास्त.

या दोन कालगणना कधीकधी मजेशीर भेटतात. 29 जून 2023 ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती. तेव्हा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुसलमानांनी आपण होऊन त्या दिवशी कुर्बानी न करता ती नंतर करायचं ठरवलं.

आमच्या खोलीत असं काही मोठं घडलं नाही. रमजान सुरू झाला आणि दहा-अकरा दिवसांनी एकादशी आली. मेसमध्ये एकादशीचं वेगळं काही मिळत नसे. दुपारी मला फार भूक लागली. मी नांदेडकडे गेलो, त्याच्या डब्यात नेहमी काहीतरी असायचं.

"नांदेड, काही खायला आहे का?"

तो हसायलाच लागला. "अरे, माझा रोजा आहे!"

कोल्हापूर कॉटवरून ओरडला, "एकादशीच्या घरी शिवरात्र!"

ही म्हण लक्षात ठेवा. स्वतःकडेच काही नाही, अशा माणसाकडे मागायला जाणं, असा तिचा अर्थ. एकादशीलाही उपास आणि शिवरात्रीलाही उपास, मग कोण कुणाला जेवायला घालणार?

नांदेड मला चिडवायचा. "मी दिवसभर पाणीपण पीत नाही. तू चहा पितोस, केळी खातोस, शेंगदाणे खातोस. हा उपास आहे की पार्टी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर आपल्या उपासाच्या पदार्थांची गंमत आहे. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. युरोपचे लोक समुद्रमार्गे ये-जा करू लागल्यावर ते भारतात आलं. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी लिहिली 1290 मध्ये. त्या काळच्या वारकऱ्यांनी साबुदाण्याची खिचडी बघितलीसुद्धा नसणार. तेव्हा तुम्ही अमेरिकेत राहत असाल, तर एकादशीची खिचडी खाताना एक लक्षात ठेवा. तिच्यातले बरेचसे जिन्नस तुमच्याच बाजूचे आहेत.

त्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर नांदेडनं खजूर काढले. खजूर उपासाला चालतो. त्यानं रोजा सोडला आणि मीही त्याच्यासोबत चार खजूर खाल्ले. कोल्हापूरचा कसलाच उपास नव्हता, त्यानं आठ खाल्ले. तेवढ्यात हॉस्टेलचे रेक्टर आले. अभ्यास सोडून गप्पा मारताना बघून म्हणाले, "तिघंही एकाच माळेचे मणी!" ही म्हण खरं तर कौतुकाची नाही. सगळे सारखेच वाया गेलेले, असा तिचा अर्थ. पण आम्हाला ती इतकी आवडली की कोल्हापूरनं ती खडूनं दारावर लिहून ठेवली.

तुम्हाला वाटेल, इथे माझी लाज संपली असेल. खोलीत संपली होती. खोलीबाहेर नाही.

5. आजीचा फोन

थर्ड इयर नुकतंच सुरू झालं होतं. जून संपत आला होता. वर्गातल्या काही मुलामुलींच्या ग्रुपमध्ये मला नुकतीच जागा मिळाली होती. पुण्यातली, चांगलं इंग्रजी बोलणारी, हुशार मुलं. माझ्यासारख्याला त्यांनी जवळ केलं, याचंच मला अप्रूप होतं. रविवारी सगळ्यांनी सिनेमाला जायचं ठरलं.

रविवारी सकाळी फोन आला. नंबर अनोळखी.

"बाळा, मी आजी. दिंडीतल्या एका मामाचा फोन हाय ह्यो. आमी पुण्यात आलोय, भवानी पेठेत शाळंत उतरलोय. उद्या सकाळी पालखी निघंल. येतोस का? तुझ्यासाठी लाडू आणल्यात."

ज्ञानेश्वरांच्या पालखीचा पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो. आजी दर वर्षी आळंदीपासून चालायची आणि दर वर्षी मी तिला पुण्यात भेटायचो.

"आजी, आज जमणार नाही गं," मी म्हणालो. "प्रॅक्टिकल आहे."

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "बरं बरं. अभ्यास कर. जपून ऱ्हा."

सिनेमा कुठला होता ते मला आठवत नाही. परतीच्या वाटेवर आमची रिक्षा अडकली, ते मात्र नीट आठवतं. सगळीकडे वारकरी होते. नऊवारी नेसलेल्या बायका, डोक्यावर तुळस, पायांत झिजलेल्या चपला. आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, "यांना कामधंदे नाहीत का? नुसतं ट्रॅफिक जाम!" सगळे हसले.

मीही हसलो.

टी-शर्टच्या आत माळ होती. त्या गर्दीत माझी आजी असू शकली असती. आणि मी हसलो.

6. सासवड

रात्री मी ते खोलीत सांगितलं. नांदेड काहीच बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "माझी दादी असती, तर मी तिचं तोंड बघायला धावत गेलो असतो." त्याची दादी त्याच वर्षी गेली होती.

मी कोल्हापूरकडे बघितलं. मला वाटलं, हा तरी माझी बाजू घेईल. देव, वारी, पालखी, हे त्याला कुठे पटायचं?

तो म्हणाला, "देव आहे की नाही, ते तू बघ. आजी तर आहे ना?"

सोमवारी प्रॅक्टिकल होतं. या वेळी खरंच. मंगळवारी सकाळी आम्ही दोघं स्वारगेटहून सासवडची एसटी पकडली. नांदेड कॉलेजात आमची हजेरी लावायला मागे थांबला. (हेही खोटंच. पण तेव्हा सुचलं नाही.)

पुण्याहून निघालेली पालखी दिवे घाट चढून सासवडला येते. तिथे ज्ञानेश्वरांचे भाऊ सोपानदेव यांची समाधी आहे, म्हणून सासवडलाही दोन रात्री मुक्काम असतो. हजारो माणसांत एक आजी शोधायची कशी? ते तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. वारीत प्रत्येक दिंडीला नंबर असतो. दिंडी ज्ञानेश्वरांच्या रथाच्या पुढे चालते की मागे, तेही ठरलेलं असतं. सामानाच्या ट्रकवर मोठ्या अक्षरांत ते लिहिलेलं असतं. मला आजीच्या दिंडीचा नंबर लहानपणापासून पाठ होता.

वाटेत एक म्हातारे बाबा समोर आले. वारीत सगळे एकमेकांना 'माऊली' म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, शिक्षण बघत नाहीत. ते वाकून कोल्हापूरच्या पाया पडले. तो दचकून मागे सरला.

"अहो बाबा, काय करताय! मी तर देव मानत नाही."

"नसंना का, माऊली," बाबा म्हणाले. "जेवलास का?"

आजी ट्रकच्या सावलीत बसून पायाला तेल लावत होती. दोन्ही टाचांना फोड आले होते. मला बघून तिनं डोळे बारीक केले.

"आलास व्हय? आन् ह्यो कोण? बसा, आधी जेवा."

पिठलं, भाकरी आणि कांदा. आम्ही जेवलो. मग मी तिचे पाय मांडीवर घेतले आणि तेल लावायला लागलो. मान वर करून बोलायची हिंमत नव्हती.

"आजी, रविवारी प्रॅक्टिकल नव्हतं. मी सिनेमाला गेलो होतो."

"मला ठावं हाय," आजी म्हणाली. "रविवारी कसलं रं प्रॅक्टिकल?"

"मग फोनवर का नाही बोललीस?"

"तितंच बोलले असते, तर लाजला असतास. मग आज आला नसतास."

मी रिक्षातलं हसणंही सांगितलं. ते ऐकून ती गप्प झाली. तिला वाईट वाटलं होतं, ते मला दिसलं. तिनं ते लपवलं नाही आणि बोलूनही दाखवलं नाही. मी विचारलं, "मी नियम मोडला. माळ काढून ठेवू का?"

"चुकलं म्हणून माळ काढायची म्हटलं, तर ह्या दिंडीत एकाच्याबी गळ्यात ऱ्हायची न्हाई," आजी म्हणाली. "पाय दाब नीट. डाव्या टाचंला जरा जास्त दुखतंय."

निघताना तिनं लाडवांचा डबा दिला. "तिघांत वाटून खावा," म्हणाली. तिला खोलीतल्या तिघांचं सगळं माहीत होतं. मीच फोनवर सांगत असे.

7. पुढे काय झालं

फार काही बदललं नाही. मी गोल गळ्याचे टी-शर्ट घालतच राहिलो, कारण दुसरे नव्हते. पण माळ बाहेर दिसली, तर आत ढकलायचं सोडून दिलं. रिक्षात वैतागलेल्या त्या मित्राला एकदा सांगितलं, "त्या दिवशी त्या गर्दीत माझी आजी होती." तो ओशाळला. खूप वेळानं म्हणाला, "सांगायचंस ना तेव्हाच." बरोबर होतं त्याचं. त्याला माहीतच नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी तो माझ्याबरोबर भवानी पेठेत आला. आजीनं त्यालाही आधी जेवायलाच विचारलं.

आजी आता नाही. ती गेली तेव्हा मी अमेरिकेत होतो, मला पोहोचता आलं नाही. तिची माळ माझ्याकडे आहे. कोल्हापूर अजूनही देव मानत नाही आणि पांडुरंग आहे कशावरून, याचं उत्तर मला अजूनही देता येत नाही. पण आषाढीला त्याचा फोन येतो. "माऊली, जेवलास का?" असं विचारतो. त्याला माहीत असतं, त्या दिवशी माझा उपास असतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. रूममेटला सांग. पहिल्याच आठवड्यात, सहज, चहा पितापिता. "मी महिन्यातून एकदा उपास करते, रात्री चंद्र उगवला की जेवते." एवढं पुरे. पटवायला जाऊ नकोस, तिनं तुझ्यासारखं वागावं अशी अपेक्षा ठेवू नकोस. आणि तिला विचार, "तुमच्या घरी काय करतात?" ती कदाचित हसेल. नवीन गोष्टीला माणसं हसतात. ती हसली तर तुला चार दिवस वाईट वाटेल. पण तिच्या हसण्याच्या भीतीनं तू स्वतःच स्वतःच्या माणसांना हसलीस, तर ते फार वर्षं आठवतं. माझ्यावरून सांगतो.

आणि बाकीच्यांसाठी. आपल्या शाळेत सगळ्यांच्या घरी एकच रीत नाही. कुणाकडे बुद्धवंदना होते, कुणी रविवारी चर्चला जातं, कुणाकडे रोजे ठेवतात, कुणी काहीच मानत नाही. इस्रायलमध्ये राहणारे मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावतात. तुमच्या घरची रीत कुठलीही असो, ती मराठीत चार वाक्यांत सांगता आली पाहिजे. आजच्या गृहपाठात तेच करायचं आहे.

शब्दार्थ

- संकष्टी : वद्य पक्षातली चतुर्थी, गणपतीचा उपास, रात्री चंद्र बघून सोडतात
- निरांजन : तुपाची वात लावायचा लहान दिवा
- दिंडी : भजन म्हणत एकत्र चालणारा वारकऱ्यांचा गट
- हरिपाठ : ज्ञानेश्वरांचे अभंग, वारकरी रोज म्हणतात
- मुक्काम : प्रवासात रात्री राहणं
- अप्रूप : एखाद्या गोष्टीचं नवल आणि कौतुक
- दादी : वडिलांची आई (हिंदी-उर्दूत), मराठीत आजी
- पोटात गोळा येणे : खूप भीती वाटणे
- ओशाळणे : चूक कळून लाजणे

बोली आणि लेखी भाषा

आजी सातारा भागातल्या गावची बोली बोलते. ती चुकीची मराठी नाही, वेगळी मराठी आहे.

- हाय : आहे
- न्हाई : नाही
- ह्यो : हा
- व्हय : होय / का
- रं : रे
- बी : सुद्धा
- ठावं : ठाऊक, माहीत
- ऱ्हा : राहा

आजीची कुठलीही तीन वाक्यं निवडा आणि लेखी मराठीत लिहा. नंतर दोन्ही मोठ्यानं वाचा. कुठलं वाचताना आजी डोळ्यांसमोर येते?

स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तर लिहा.
1. लेखकानं गोल गळ्याचे टी-शर्ट का आणले?
2. रमजान दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतो?
3. गर्दीत आजीची दिंडी कशी सापडली?

आ) चर्चा करा.
1. आजीला खोटं कळलं होतं, तरी ती फोनवर बोलली नाही. तिचं बरोबर होतं का? तुम्ही काय केलं असतं?
2. "देव आहे की नाही, ते तू बघ. आजी तर आहे ना?" असं कोल्हापूर का म्हणाला?
3. नांदेडनं हजेरी लावली, तेही खोटंच होतं. दोन्ही खोट्यांत फरक आहे का?

इ) म्हण वापरून लिहा.
'एकादशीच्या घरी शिवरात्र' किंवा 'एकाच माळेचे मणी' यांपैकी एक म्हण घ्या आणि तुमच्या शाळेतला किंवा कॉलेजातला एक प्रसंग पाच ओळींत लिहा.

ई) गृहपाठ.
तुमच्या घरची एक रीत चार वाक्यांत लिहा : काय करतात, कधी करतात, कुणी शिकवलं, तुम्हाला त्याबद्दल काय वाटतं. मग आजी-आजोबांना किंवा घरातल्या कुणा मोठ्यांना फोन करून ती वाक्यं वाचून दाखवा. ते काय म्हणाले, ते पाचवं वाक्य. फोन लागला की आधी विचारायला विसरू नका : "जेवलात का?"